न पोचलेले निरोप

शालनताई ऑफिसात यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. वलवणच्या रस्त्यावर टायरवाल्याच्या दुकानावर आमचं ऑफिस, बाहेरून लोखंडी जिना. तो चढतानाच त्या फोनवर कुणाला तरी झापत असत. कधी सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा माणूस असे, कधी औंढ्याच्या खाचरात पाणी सोडायला विसरलेला दीर. दोघांसाठी आवाज एकच. दारात आल्या की म्हणायच्या, "बरं, ठेवते आता," आणि समोरचा "ठेवा" म्हणेपर्यंत कानाचा फोन काढायच्या नाहीत. समोरचा बोलणी खाऊन कंटाळलेला असे, तो न बोलताच फोन ठेवून देई. मग ताई आमच्याकडे वळून म्हणत, "बघा! बोलणं अर्धं टाकून गेला. कसली माणसं ही."

पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, खांदे किंचित पुढे झुकलेले. अर्धं आयुष्य तळेगावच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळण्यात गेलं. कारखान्यानं तो विभाग परगावी हलवला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की भातलावणीच्या दिवसांत मी औंढे सोडत नाही, आणि त्या आमच्या छोट्या कंपनीत आल्या. लावणीची रजा त्यांनी नोकरी धरतानाच मागून घेतली होती. रजेवरून परतल्या की नखांत चिखल असायचा आणि राग दुप्पट, कारण त्या नसताना आम्ही काही ना काही बिघडवलेलं असायचंच.

माझं टेबल त्यांच्या शेजारी. गावागावांतून, ड्रायव्हरांकडून येणारे तक्रारीचे फोन मी घ्यायचो. मी काहीही सांगायला तोंड उघडलं की त्यांचा एकच शब्द यायचा, "दाखव." सर्व्हर बंद पडलाय? दाखव. पाऊस थांबलाय? दाखव. एकदा मी म्हणालो, ताई, मला ताप आहे. तेव्हाही त्या "दाखव" म्हणाल्या आणि कपाळाला हात लावून बघितला. ताप होता. रिक्षा बोलावून मला घरी पाठवलं, आणि रिक्षावाल्यालाही खड्ड्यांवरून सुनावलं.

त्यांचा दुसरा कायदा नऊ नंबरचा. चालू प्रोग्रॅमला, म्हणजे प्रोसेसला, थांबवायचे मुख्य मार्ग दोन. एक टर्म नावाचा सिग्नल. त्याचा अर्थ, आवर आता. प्रोसेसला तो मिळाला की ती हातातलं काम पुरं करून स्वतःहून बंद होऊ शकते. दुसरा सिग्नल नऊ नंबरचा. त्यात सांगणं नाही, ऐकणं नाही. प्रोसेस जिथं असेल तिथं संपते, हातातलं काम हातातच राहतं. घाईत कुणी नऊ वापरला तर शालनताई त्या दिवशी त्याच्याशी बोलत नसत. आमचे प्रमुख निखिल सर पुण्याहून येत, ताईंपेक्षा वयानं बरेच लहान, माणूस सज्जन. पण त्यांना प्रत्येक गोष्ट कालच व्हायला हवी असे. त्यामुळे ताई आणि ते आठवड्यातले निम्मे दिवस एकमेकांशी न बोलताच काम करत. निरोप माझ्यामार्फत जात.

आमचं काम होतं रुग्णजीपचं. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर मोठी ॲम्ब्युलन्स चढत नाही, म्हणून एका संस्थेनं जीपगाड्या ठेवल्या होत्या. वस्तीवरून फोन आला की संस्थेतली बाई माहिती भरायची, आणि आमचा प्रोग्रॅम जवळच्या ड्रायव्हरच्या मोबाइलवर निरोप पाठवायचा. घाटाकडेच्या गावांत रेंज येते-जाते. म्हणून मुख्य प्रोग्रॅम प्रत्येक निरोपासाठी आपली एक छोटी प्रोसेस काढायचा. तिला म्हणतात चाइल्ड, ताई म्हणायच्या पोर. ते पोर ड्रायव्हरचा मोबाइल सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसायचं. निरोप पोराच्या हातात दिला की स्क्रीनवर लिहून यायचं, 'पाठवला'.

"पाठवला न्हाई," ताई पहिल्यापासून म्हणत होत्या. चिडल्या की त्यांची भाषा औंढ्याची व्हायची. "पोराच्या हातात दिलाय. पोचला की मग लिव्हा."

"पुढच्या वेळी करू," निखिल सर म्हणायचे. ती पुढची वेळ कधी आली नाही.

पावसाळ्यातला रविवार होता. लोणावळ्यात फिरायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि आमचा नकाशा रुग्णजीपना त्याच रांगेत घालत होता. ड्रायव्हर ओरडत होते. निखिल सरांनी दुपारीच नवा नकाशा चढवला आणि प्रोग्रॅम रीस्टार्ट केला. चूक म्हणावं असं त्यात काही नव्हतं. गाड्या खरंच रांगेतून सुटल्या.

त्याच दुपारी कुरवंड्याच्या वरच्या ठाकर वस्तीवरून फोन आला होता. जनी नावाच्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या. संस्थेतल्या बाईनं माहिती भरली, स्क्रीनवर 'पाठवला' आलं, तिनं वस्तीवर कळवलं की गाडी निघाली. गाडी गेलीच नाही. जनी शाळेच्या पडवीत बाळंत झाली. वस्तीची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, धावून आली म्हणून जनी वाचली. बाळ अशक्त होतं, ते कितीतरी दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं.

जनीचा सासरा, बुधाआबा, आमच्या ऑफिसात आला. डोक्यावर इरलं होतं. ते त्यानं जिन्यातच उतरवून ठेवलं आणि दारात उभा राहिला. कुणावर ओरडला नाही. एवढंच विचारलं, "बाईनं सांगितलं गाडी निघाली. निघाली ती कुटं गेली?"

संस्थेनं उत्तर शोधलं. त्या भागाचा ड्रायव्हर संतोष झोपला असणार, कारण स्क्रीनवर 'पाठवला' आहे. त्याला कामावरून थांबवलं. संतोष ताईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, डोळे लाल.

"ताई, आईशप्पथ, मोबाइल वाजलाच न्हाई. मी कुरवंड्याच्या वळणावरच हुतो. पाच मिंटांत पोचलो असतो."

"दाखव," ताई म्हणाल्या. त्यानं मोबाइल दिला. त्या कितीतरी वेळ तो वरखाली करत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "निरोप आलेलाच नाही. हा खरं बोलतोय."

तिथून पुढचे दिवस मला आठवतात ते ताईंच्या चिडचिडीचे. जनीचा निरोप आणि रीस्टार्ट जवळजवळ एकाच वेळचे, हे त्यांना लगेच सापडलं. पण निखिल सर आपल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालवून दाखवायचे. टर्म सिग्नल द्यायचे, प्रोग्रॅम नीट बंद व्हायचा, निरोप पोचायचा. "माझ्याकडे तर चालतंय, ताई."

"तुमच्याकडे चालतंय, पण जनी तुमच्या लॅपटॉपवर राहत नाही," ताई म्हणाल्या. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

फरक कंटेनरचा होता. सर्व्हरवर आमचा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालायचा. कंटेनर म्हणजे मोठ्या मशीनमध्ये आखून दिलेली एक बंद खोली. आतल्या प्रोसेसना फक्त एकमेकी दिसतात, आणि वाटतं की अख्खं मशीन आपलंच. त्या खोलीत जी प्रोसेस सगळ्यांत आधी सुरू होते तिचा नंबर एक. या एक नंबरचे नियम बाकीच्यांहून वेगळे असतात, आणि तेच नियम आमच्यापैकी कुणी नीट वाचले नव्हते.

ताईंनी सगळ्यांना भिंतीवरच्या पडद्यासमोर बसवलं. कंटेनरच्या आत शिरल्या आणि, त्यांच्या हातून कधी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं, एक नंबरला नऊ नंबरचा सिग्नल दिला. काही झालं नाही. परत दिला. प्रोसेस जशीच्या तशी.

"ही मरत कशी नाही?" निखिल सर खुर्चीतून पुढे आले.

"खोलीच्या आतून एक नंबरला कुणी मारू शकत नाही. बाहेरून मारता येतं. आणि टर्म आला, पण तो आला तर काय करायचं हे एक नंबरनं आधी ठरवून ठेवलं नसेल, तर तो आल्यासारखाच नसतो. आता बघा, आपल्या खोलीत एक नंबर कोण आहे."

एक नंबर आमचा प्रोग्रॅम नव्हताच. त्याला सुरू करणारी एक छोटी स्क्रिप्ट होती, म्हणजे शेल. रीस्टार्टच्या वेळी 'आवर आता' हा सिग्नल शेलकडे जायचा. शेलनं काही ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे तो वाया जायचा, आणि पुढे प्रोग्रॅमला कुणी काही सांगायचं नाही. कंटेनर चालवणारी बाहेरची व्यवस्था दहा सेकंद वाट बघायची आणि मग सगळ्या खोलीवर नऊ नंबर. संतोषच्या मोबाइलला वळणावर रेंज नव्हती, पोर प्रयत्न करत होतं, आणि तेवढ्यात दहा सेकंद संपले.

ताईंनी स्क्रिप्टमध्ये एक शब्द घातला. त्यानं शेल बाजूला होतं आणि प्रोग्रॅम स्वतः एक नंबर बनतो. आता टर्म थेट त्याच्या कानात जाणार होता, आणि टर्म आला की बंद व्हायचं हे प्रोग्रॅमनं ठरवलेलं होतंच. त्यांनी रीस्टार्ट करून दाखवला. आधी दहा सेकंद लागायचे, आता प्रोग्रॅम चटकन बंद झाला. निखिल सरांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी संस्थेला फोन लावला आणि ठणकावून सांगितलं की दोष सापडला, दुरुस्त झाला, संतोषला परत घ्या. संस्था म्हणाली, कळवतो. त्या दिवशी ताईंनी सगळ्यांसाठी टपरीवरून भजी मागवली आणि भज्यांत मीठ कमी म्हणून टपरीवाल्याला बोलल्या. त्या आनंदात आहेत हे त्यावरूनच कळलं.

मग औंढ्याचा निरोप हरवला.

शेतावर मजुरीला आलेल्या एका माणसाला बांधावर साप चावला. फोन झाला, स्क्रीनवर 'पाठवला', जीप नाही. लोकांनी त्याला दुधाच्या टेम्पोत घालून नेलं. जीव वाचला, पायाचा अंगठा काढावा लागला. या वेळी ड्रायव्हर दुसरा होता, आणि त्याचाही मोबाइल वाजला नव्हता. त्याही वेळी नेमका रीस्टार्ट झाला होता, तोही ताईंनी स्वतः केलेला.

गाव त्यांचं स्वतःचं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा जिन्यावर आवाज नव्हता. मी वर बघितलं तर दारात उभ्या. म्हणाल्या, "चावडीपाशी चुलत सासऱ्यांनी गाठलं. म्हणाले, सूनबाई, तू सांगितलंतं आता समदं नीट झालंय."

मी म्हणालो, "बसा ताई, पाणी देतो."

"पाणी नको. मला ते दाखव."

काय दाखवायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तीन-चार दिवस त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. जेवणाचा डबा उघडायचा, भाकरीचा एक तुकडा मोडायचा, तो हातात धरूनच पडद्याकडे बघत राहायच्या. निखिल सर दोनदा आले, दोनदा परत गेले. माझ्यावर त्या इतक्या विनाकारण डाफरल्या की मी चिडून खाली टायरवाल्याकडे जाऊन बसलो. वर आलो तेव्हा त्यांनी टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले होते.

"गिरीश, मी वाटोळं केलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. साध्या मशीनवर मुख्य प्रोग्रॅम बंद झाला तरी त्याची पोरं जगू शकतात. अनाथ पोरांना मशीनचा एक नंबर आपल्याकडे घेतो, आणि ती हातातलं काम पुरं करतात. म्हणून निखिल सरांच्या लॅपटॉपवर निरोप नेहमी पोचत होता. पण कंटेनरमध्ये एक नंबर स्वतः गेला की खोलीच बंद होते. मागे राहिलेल्या प्रत्येक पोराला त्याच क्षणी नऊ नंबर. आधी शेल बहिरं होतं, पण त्या बहिरेपणामुळे निदान दहा सेकंद पोरांना मिळत होते. ताईंच्या दुरुस्तीनंतर प्रोग्रॅमला टर्म ऐकू यायला लागला आणि तो आज्ञाधारकपणे, मागे कुणाचं काम चालू आहे हे न बघता, ताबडतोब निघून जायला लागला. चटकन बंद होतो म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

"म्हणजे आधीपेक्षा वाईट?" मी विचारलं.

"लय वाईट," त्या म्हणाल्या.

बैठकीत त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. संस्थेचे लोकही होते. "पहिला दोष जुना. दुसरा माझा. औंढ्याच्या माणसाला जीप मिळाली नाही ती माझ्या हातानं," असं सरळ म्हणाल्या. निखिल सर अस्वस्थ झाले, म्हणाले, ताई, असं शब्दांत मांडायची गरज नाही. ताई म्हणाल्या, "मग कशात मांडू?"

नवी दुरुस्ती त्यांनी सावकाश केली. टर्म आला की प्रोग्रॅमनं नवे निरोप घेणं थांबवायचं, प्रत्येक पोराला कळवायचं, एकेकाचं काम संपेपर्यंत थांबायचं, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः जायचं. बाहेरच्या व्यवस्थेनं दहा सेकंदांऐवजी कितीतरी जास्त वेळ धीर धरायचा. त्यातही वेळ संपला आणि निरोप उरलाच, तर तो पुन्हा रांगेत टाकून जायचं. आणि 'पाठवला' हा शब्द ड्रायव्हरच्या मोबाइलनं होकार दिल्यावरच लिहायचा. हे शेवटचं अखेर निखिल सरांनी मान्य केलं. रीस्टार्टला आता वेळ लागू लागला. सर घड्याळ बघत येरझाऱ्या घालायचे. ताई म्हणायच्या, "बसा. ते काम करतंय."

संतोषला परत घ्यायचं पत्र निघालं. ताई ते द्यायला स्वतः गेल्या, मला बरोबर घेऊन. तोवर तो पर्यटकांना टायगर पॉइंटला नेणारी जीप चालवायला लागला होता. त्यानं ताईंना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुमी माझं खरं केलं. पर मी न्हाई यायचो."

"का रे? तुझी चूक नव्हती हे लिहून दिलंय."

"लिवून दिलंय, व्हय. पर वस्तीवर कोन वाचतंय? तिथली लोकं अजून माझ्याकडं बघत न्हाईत."

येताना ताई गाडीवर माझ्या मागे बसल्या होत्या. कुरवंड्याच्या वळणावर मला थांबायला सांगितलं, उतरल्या, मोबाइल वर धरून रेंज बघितली. नव्हती. "चल," म्हणाल्या.

पुढच्या लावणीआधी त्यांनी नोकरी सोडली. कारण विचारलं तर म्हणाल्या, कंटाळा आला. निखिल सरांनी मनापासून थांबवायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकलं नाही.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मला पडद्यावर काहीतरी खटकलं. रीस्टार्ट पुन्हा बरोबर दहा सेकंदांत संपत होता. एक निरोप रांगेतून गायब झाल्यासारखा वाटला, पण तो चाचणीचा होता, खात्री होईना. निखिल सर परगावी. नव्या मुलांना विचारलं तर म्हणाली, सगळं हिरवं आहे. मी शालनताईंना फोन केला. त्यांनी "ठेवते" न म्हणताच फोन ठेवला, आणि तासाभरात स्कूटरवरून आल्या.

आमचं ऑफिस तोवर नव्या इमारतीत गेलं होतं. खाली फाटक, फाटकावर रखवालदार. ताईंचं कार्ड बंद झालेलं. "मॅडम, आत न्हाई सोडता येत," तो म्हणाला. मी वरून फोन केले, सही करतो म्हणालो, कुणी ऐकेना. माजी कर्मचाऱ्याला पडदा दाखवायचा नाही, असा नियम झाला होता. ताई रखवालदाराला एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत, याचंच मला नवल वाटलं. फाटकाचे गज धरून, मागून जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवून त्या ओरडल्या, "एक नंबर कोण आहे बघून ये!"

मी वर गेलो. खाली आलो. "शेल आहे, ताई."

कुणीतरी सर्व्हरच्या घड्याळाची वेळ भारतीय करायला म्हणून नवी स्क्रिप्ट पुढे लावली होती, आणि तो एक शब्द घालायचा राहिला होता. बाहेरून वाट बघायची मुदतही नव्या मांडणीत परत दहा सेकंदांवर आली होती. ताईंनी डोळे मिटले. क्षणभर वाटलं, आता सगळं फाटक डोक्यावर घेतील. पण त्यांनी गजातून हात आत घातला, माझी बाही धरली, आणि कुठल्या ओळीच्या आधी काय लिहायचं, मग बाहेर किती थांबायला सांगायचं, कुणाला कळवून रीस्टार्ट करायचा, हे सगळं मला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. "जा," म्हणाल्या. "आणि त्या पोरांवर वरडू नको. त्यांना कुणी सांगितलंच नसंल."

वर जाऊन मी तसं केलं, मग खात्रीसाठी पुन्हा एकदा रीस्टार्ट केला. एक ड्रायव्हर रेंजबाहेर होता, त्यामुळे प्रोग्रॅम थांबून राहिला. नवी मुलं माझ्याभोवती जमली, कुणीतरी म्हणालं, अडकलंय, मारू का? मी म्हणालो, हात लावू नका. बऱ्याच वेळानं निरोप पोचला, मग प्रोग्रॅम बंद झाला, नवा सुरू झाला.

मी खिडकीशी गेलो. शालनताई रस्त्यापलीकडे स्कूटरला टेकून, हेल्मेट काखेत धरून वर बघत होत्या. पाऊस भुरभुरत होता. मी दोन्ही हात वर करून, झालं, असं दाखवलं. त्यांनी मान हलवली, हेल्मेट घातलं, आणि स्कूटर औंढ्याच्या दिशेला वळवली.